किचन नव्याने करताय? कॅबिनेटच्या आधी फरशी ठरवा

किचन तोडून नवीन करायचं ठरलं की पहिल्याच दिवशी घरात रंगावरून वाद सुरू होतो, पांढरं घ्यायचं की राखाडी, वुडन फिनिश बरं की नको, आणि ओट्याची उंची किती ठेवायची, प्लग कुठे हवेत, फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडणार हे विषय निघतच नाहीत. मी पण तेच केलं होतं. शोरूममध्ये एक ऑफ-व्हाइट शटर, म्हणजे कॅबिनेटचं दार, इतकं आवडलं की तिथेच ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो, फरशीचं काय, नंतर बघू म्हटलं. मग फरशी आली बेज, जरा हिरवटपणाकडे झुकणारी, आणि ती बसल्यावर तेच ऑफ-व्हाइट कॅबिनेट चक्क गुलाबी दिसायला लागलं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, गुलाबी मुद्दाम घेतलंत का? सात वर्षं ऐकलं हे. पुढच्या घरात मात्र उलट्या क्रमाने गेलो, आधी मापं, मग फरशी, मग कॅबिनेट, आणि ते किचन जमलं. म्हणून हे लिहितोय.

आधी एक आठवडा काहीच करू नका. फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि रोज जे जे खुपतं ते लिहा. इथे मिक्सरची वायर पुरत नाही, सिंकपाशी उभं राहिलं की पाठ दुखते, ड्रॉवर उघडला की मागून कोणाला जाता येत नाही, शेगडीशेजारी गरम भांडं ठेवायला जागा नाही. ही यादी कुठल्याही डिझायनरच्या थ्रीडी फोटोपेक्षा कामाची, कारण तो फोटो सगळ्यांसाठी सारखाच असतो आणि पाठ तुमची असते.

मग मापं. ओट्याची उंची साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर धरतात पण ती डोळे झाकून घेऊ नका, जो माणूस सगळ्यात जास्त वेळ किचनमध्ये उभा असतो त्याला सरळ उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या आणि त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करा, ती तुमची उंची. ओट्याची खोली ६० सेंटिमीटर, वरच्या कॅबिनेटची ३० ते ३५, आणि ओटा ते वरचं कॅबिनेट यात ४५ ते ६० सेंटिमीटर मोकळे. वरच्या कॅबिनेटची खोली वाढवायचा मोह होतो, नका वाढवू, कपाळ आपटतं. खालच्या कॅबिनेटच्या पायथ्याशी पाऊल आत जाईल अशी साधारण १० सेंटिमीटर उंचीची खाच हवीच, नाहीतर ओट्याला चिकटून उभं राहता येत नाही आणि दिवसभर पुढे वाकून काम होतं. दोन ओटे समोरासमोर असतील तर मधे एकट्यासाठी १०५ सेंटिमीटर आणि दोघं एकदम काम करणार असतील तर १२० तरी ठेवा.

वर्क ट्रँगल हा शब्द तुमच्या कानावर पडेलच. सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण, प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, तिन्ही मिळून २६ फुटांच्या आत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात हे मांडलं गेलं. नियम चांगला आहे पण लहान, एकाच भिंतीच्या किचनमध्ये त्रिकोण होतच नाही, सरळ रेषाच होते, तर त्याचं टेन्शन घेऊ नका. सिंक आणि शेगडीच्या मधे ६० ते ९० सेंटिमीटर सलग मोकळा ओटा मिळाला तर निम्मी लढाई जिंकलात, चिरणं मळणं सगळं तिथेच होतं.

कामाचा क्रम असा: तोडफोड, मग नळ आणि वायरिंग, मग वॉटरप्रूफिंग, मग फरशी, मग खालची कॅबिनेट, त्यावर ओट्याचा दगड, मग भिंतीच्या टाइल्स आणि शेवटी रंगाचा शेवटचा हात. दगडाचं फायनल माप कॅबिनेट बसल्यावरच घ्यायला लावा, भिंती कधीच सरळ नसतात. जुन्या फरशीवरच नवीन फरशी चिकटवायचा बेत असेल तर लक्षात ठेवा, टाइल आणि खालचा थर मिळून जमीन दीड-दोन सेंटिमीटर वर येते, दार खाली घासतं आणि आधी ठरवलेली ओट्याची उंची तेवढी कमी होते. आमच्या ओळखीत एकाचं डिशवॉशर याच दोन सेंटिमीटरपायी ओट्याखाली गेलंच नाही. आणि शेगडीपासून वरच्या चिमणीपर्यंतचं अंतर ६५ ते ७५ सेंटिमीटरमध्ये ठेवा, चिमणीच्या पाइपला जितकी वळणं कमी तितकी ती नीट ओढते.

आता रंग. फरशी आधी का, तर कॅबिनेटचं शटर उद्या बदलता येतं, भिंतीचा रंग तर सुट्टीच्या दिवशी बदलता येतो, पण फरशी बदलायची म्हणजे पुन्हा सगळं उचकटायचं. शिवाय कॅबिनेटच्या रंगात हजार शेड मिळतात, फरशीत मनासारख्या चारच सापडतात. जिथे पर्याय कमी तिथून सुरुवात करा, एवढं साधं आहे.

दुसऱ्या वेळी मी दुकानातून चार सॅम्पल टाइल्स घरी आणल्या, एक काळी चकचकीत, एक पांढरी, एक गडद तपकिरी आणि एक मध्यम राखाडी, बारीक ठिपके असलेली. चारही सिंकसमोर जमिनीवर नुसत्या टाकून ठेवल्या आणि दहा दिवस त्यांच्यावरूनच वावरलो. काळीवर पहिल्याच सकाळी ओल्या पावलांचे ठसे उमटले आणि वाळल्यावर पांढरट राहिले. पांढरीवर एकेक केस मोजता येत होता. तपकिरी दिसायला भारी पण सांडलेलं पीठ आणि धूळ दुरून दिसायची. ठिपक्यांची राखाडी मात्र झाडलीय की नाही तेच कळेना. बायको म्हणाली, ही फरशी खोटं बोलते, हीच घेऊया. तीच घेतली.

म्हणजे फार गडद नको, फार फिकी नको, एकसलग रंग नको, मधला टोन आणि त्यात थोडी नक्षी किंवा ठिपके, हे किचनसाठी सगळ्यात कमी त्रासाचं. फिनिश मॅटच घ्या. टाइलच्या डब्यावर घसरण्याचं रेटिंग असतं, आर९ पासून आर१३ पर्यंत, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त, घरच्या किचनला आर१० पुरतं, त्यापेक्षा खरखरीत घेतलं तर मळ त्या खरखरीत बसतो आणि पुसताना जीव जातो. पॉर्सेलिन टाइल पाणी अर्धा टक्क्याहून कमी शोषते त्यामुळे डागाची भीती कमी. सांध्यांमध्ये भरायच्या ग्राउटचा रंग टाइलपेक्षा एक शेड गडद घ्या, पांढरा ग्राउट शेगडीसमोर काही महिन्यात कुठल्यातरी तिसऱ्याच रंगाचा होतो, आणि शक्य असेल तर एपॉक्सी ग्राउट, ते तेल-पाणी पीत नाही. मिस्त्री कुरकुर करेल कारण ते लवकर घट्ट होतं आणि टाइलवर सांडलेलं लगेच पुसावं लागतं, कुरकुर करू द्या.

फरशी ठरली की तिचा एक तुकडा हातात घेऊन मगच कॅबिनेटचा रंग बघायला जायचं, फोटो नाही, खरा तुकडा. आणि इथे माझ्या गुलाबी कॅबिनेटचं गुपित सांगतो. प्रत्येक पांढऱ्या, राखाडी, बेज रंगाच्या पोटात दुसरा एक रंग लपलेला असतो, पिवळसर, निळसर, हिरवट नाहीतर गुलाबी. एकटा असताना तो दिसत नाही, शेजारी विरुद्ध छटा आली की बाहेर येतो. माझ्या शटरमध्ये थोडा गुलाबी होता, हिरवट फरशीने तो ओढून बाहेर काढला. ओळखायची युक्ती सोपी, सॅम्पलशेजारी कोरा पांढरा प्रिंटिंगचा कागद धरा, लपलेला रंग ताबडतोब उघडा पडतो.

दुसरी युक्ती कोणी सांगत नाही. सॅम्पल ज्या स्थितीत शेवटी राहणार त्याच स्थितीत बघा. दुकानात आपण सगळं टेबलावर आडवं मांडून बघतो, पण घरी फरशी आडवी आणि शटर उभं असतं. आडव्या पृष्ठभागावर वरचा उजेड थेट पडतो, उभ्यावर तिरपा, त्यामुळे तेच शटर उभं केलं की एक शेड गडद दिसतं. फरशीचा तुकडा जमिनीवर टाका, शटरचं सॅम्पल त्याच्यामागे भिंतीला टेकवून उभं करा, आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून असं तीन वेळा बघा. सॅम्पल वहीच्या पानाएवढं तरी मागून घ्या, दोन बोटांच्या चिपवरून काही कळत नाही, अख्ख्या भिंतीवर गेला की रंग जास्तच अंगावर येतो.

दिव्यांचं पण तेव्हाच ठरवा. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात, २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. क्रीम कॅबिनेट पिवळ्या दिव्याखाली अजून पिवळं होतं आणि राखाडी कॅबिनेट निळसर दिव्याखाली दवाखान्यासारखं दिसतं. मला ४००० सगळ्यात बरा वाटला. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा लिहिलेला असतो, तो ९० च्या वर बघा, त्याने रंग खरे दिसतात. ओट्यावर वरच्या कॅबिनेटखाली पट्टी-दिवा हवाच, नाहीतर छताचा दिवा पाठीमागे राहतो आणि आपण आपल्याच सावलीत चिरत बसतो.

फरशी आणि कॅबिनेट दोन्ही लाकडी टोनची हवी असतील तर जपून. एकतर दोन्ही एकाच लाकडासारखे दिसावेत नाहीतर दोन-तीन शेडचा स्पष्ट फरक असावा. जवळजवळ सारखं पण नेमकं सारखं नाही, हे सगळ्यात वाईट दिसतं, जमवायला गेले आणि जमलं नाही असं वाटतं. आणि नुसती शेडच नाही, एक लालसर आणि एक पिवळसर असेल तर कितीही फरक ठेवा, भांडणारच.

लहान किचनला सगळं पांढरंच हवं हे मला पटत नाही. जागा मोठी दिसते ती पांढऱ्यामुळे तितकी नाही, कडा कमी दिसल्यामुळे जास्त. कॅबिनेट आणि मागची भिंत एकमेकांच्या जवळच्या रंगात असली की नजर अडकत नाही. रंगाच्या कार्डावर एलआरव्ही नावाचा आकडा मिळतो कधीकधी, ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पांढरा, किती उजेड परत फेकतो त्याचं माप. खिडकी छोटी असेल तर वरची कॅबिनेट ६०-७० च्या वरची घ्या आणि खाली पाहिजे तेवढं गडद जा, हिरवा, निळा, काहीही. वर फिकं खाली गडद हे कॉम्बिनेशन क्वचितच फसतं. पायथ्याच्या खाचेची पट्टी मात्र फरशीच्या रंगाची करा, झाडूचे आणि पायाचे ओरखडे तिथेच पडतात आणि कॅबिनेट जरा तरंगल्यासारखं हलकं दिसतं.

किचनला निळा कसा चालेल असं कोणी म्हटलं तर त्यांना फ्रँकफर्ट किचन सांगा. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी डिझाइन केलेलं, आजच्या मॉड्युलर किचनचं पणजोबा, त्यातली बरीच कॅबिनेट निळ्या-हिरव्या रंगाची होती कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानलं जायचं.

ग्लॉसी की मॅट, तर ग्लॉसी उजेड परत फेकतं पण गडद ग्लॉसीवर बोटांचे ठसे इतके दिसतात की शटर पुसणं हाच उद्योग होतो. गडद मॅटवर तेलकट हात पण दिसतो हं, तेव्हा खाली गडद मॅट घेत असाल तर हँडल लावाच, हँडल नसलेल्या डिझाइनच्या नादी लागू नका.

आतल्या मटेरियलचं पटकन सांगतो. सिंकखाली वॉटरप्रूफ प्लाय, तिथे एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, एकदा भिजला की फुगतो आणि परत बसत नाही. शेगडीशेजारी मेम्ब्रेनची, म्हणजे वर प्लास्टिकचं फॉइल चिकटवलेली, शटर नको, उष्णतेने फॉइल सुटतं. खाली दारांऐवजी ड्रॉवर घ्या, गुडघ्यावर बसून मागचं भांडं शोधायचा ताप वाचतो. ओट्याला संगमरवर असेल तर लिंबू-व्हिनेगरने त्याची चमक जाते आणि क्वार्ट्झवर गरम भांडं थेट ठेवायचं नाही कारण त्यात रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ, असतं. ग्रॅनाइट दोन्ही सहन करतो, फक्त अधूनमधून सीलर मारा.

बजेटमधले दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवा, तोडल्यावर भिंतीतून काय निघेल सांगता येत नाही. फरशी हिशोबापेक्षा दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या डब्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते उतरवून घेतानाच तपासा, नाव तेच असलं तरी बॅच बदलला की शेड बदलते. उरलेल्या टाइल्स फेकू नका, माळ्यावर टाका. आणि सनमाईकाच्या पाठीमागे कंपनीचा कोड छापलेला असतो, तो चिकटवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एकदा चिकटला की गेला. मी नव्हता काढला, त्यामुळे सिंकखालचं जे एक शटर मागच्या वर्षी बदललं ते बाकीच्यांपेक्षा किंचित पिवळं आहे, आणि पाहुणे आले की मी बरोबर त्याच्याच समोर उभा असतो.