निराधार पिल्लू घरी आणताना

पावसाळा सरला की थंडीपर्यंत पुण्या-मुंबईत बांधकामांच्या आडोशाला कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. त्यांतले एखादे घरी न्यावेसे वाटले, तरी उचलण्यापूर्वी त्याची आई जवळपास आहे का हे पाहावे, कारण अन्नाच्या शोधात ती काही तास दूर गेलेली असू शकते. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले पिल्लू तिच्या दुधाला तर मुकतेच, शिवाय खेळताना किती जोराने चावावे हे भावंडांकडून शिकायचेही राहून जाते. पिल्लू जखमी, आजारी किंवा पोरके असेल, तर मात्र वाट पाहू नये.

संस्थेकडून पिल्लू घेताना जातीची चौकशी कमी आणि कागदांची अधिक करावी. ‘यात लॅब्राडोरचे रक्त आहे’ हा केवळ रूपावरून बांधलेला अंदाज असतो आणि तो पुष्कळदा चुकतो. त्यापेक्षा कोणती लस कोणत्या तारखेला दिली, जंतांचे औषध केव्हा दिले आणि भावंडांपैकी कोणी आजारी पडले का, हे विचारावे. ज्याची लेखी नोंद नाही ते झालेलेच नाही, असे धरून चालावे. आमच्या घरच्या पहिल्या पिल्लाच्या वेळी ‘सगळ्या लसी झाल्या आहेत’ या तोंडी शब्दावर आम्ही विसंबलो. पाचव्या दिवशी त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, निदान पार्वो या आतड्यांच्या विषाणूजन्य आजाराचे निघाले आणि सलाईन लावूनही ते वाचले नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. दातांवरून ते वयाचा अंदाज सांगतात, गोचिडी आहेत का हे तपासतात आणि वजन करून त्या प्रमाणात जंतांचे औषध देतात, जे तीन महिन्यांचे होईपर्यंत साधारण दर पंधरवड्याला द्यावे लागते. पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा द्यावी लागते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीचा परिणाम रोखते आणि ती नेमकी केव्हा ओसरेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून एकच मात्रा पुरत नाही. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते. तोवर पिल्लाचा दात लागला, तर ‘एवढेसे तर आहे’ असे म्हणून सोडून देऊ नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण रेबीज पिल्लांनाही होतो.

घरात आधीचे कुत्रे असेल, तर दोन आठवडे दोघांना वेगळे ठेवावे. पार्वोचा विषाणू फरशीवर आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलने जात नाही; त्यासाठी तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून, दहा मिनिटे तसेच ठेवून मग फरशी धुवावी.

गाईच्या दुधाने बहुतेक पिल्लांना जुलाब होतात. त्याऐवजी मऊ भात, उकडलेले अंडे, हाडे काढलेली शिजवलेली कोंबडी किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मुळीच नको. उरलेल्या भाजी-आमटीत कांदा-लसूण असतो हे अनेकदा ध्यानात येत नाही.

माणसे, आवाज आणि वाहने यांची ओळख चौदाव्या आठवड्यापर्यंत सर्वांत सहज होते, आणि नेमक्या याच काळात लसी अपुऱ्या असतात. त्यावर आम्हाला साधलेला मार्ग असा, की पिल्लाला कडेवर घेऊन मंडई, रिक्षा, शाळा सुटण्याची वेळ हे सारे दाखवावे, पण अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडू नये. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यावे. घरात केलेल्या शूबद्दल मागाहून रागावल्यास ते फक्त घाबरते.

देशी वळणाचे पिल्लू वाढून बहुधा पंधरा ते वीस किलोंचे होते, त्यामुळे जागेचा आणि रोजच्या फेरफटक्याचा विचार त्या कुत्र्याला धरून करावा. सोसायटीला ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पुणे, मुंबई यांसारख्या महानगरपालिकांत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो, त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला जपून ठेवावा, आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी केव्हा करावी हे पशुवैद्यांना विचारून ठरवावे.