सिम्युलेटरवरची पहिली बॅच सुरू करण्याआधी

शस्त्रक्रियेचा सराव करायच्या व्हीआर (आभासी वास्तव) सिम्युलेटरसाठी खोली, वीज, हेडसेट पुसायची सोय हे तुम्ही बघालच.

पहिली बॅच बोलावण्याआधी विभागातल्या अनुभवी सर्जनना त्या सिम्युलेटरवर काम करायला लावा आणि त्यांचे आकडे नोंदवून घ्या. गेल्या वेळी मी नेमकं हेच विसरलो. प्रत्येक रेसिडेंटला (शिकाऊ सर्जनला) दहा तास दिले, हजेरी चोख ठेवली, आणि शेवटी कोण तयार झालं हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. कुणाचा हात तिसऱ्या तासालाच बसला असेल, कुणाचा दहाव्यालाही नाही. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना सारखंच दिलं. ते अजून सलतं, कारण यानंतर त्यांच्यासमोर पेशंट असणार होता.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला २००२ चा अभ्यास सगळे सांगतात: १६ रेसिडेंट, व्हीआरवर शिकलेल्यांनी पित्ताशय यकृतापासून २९ टक्के लवकर सोडवलं, आणि न शिकलेल्यांकडून पित्ताशयाला इजा किंवा भलतीकडे चटका बसण्याची शक्यता पाचपट होती. पण त्या रेसिडेंटचा सराव तास भरले म्हणून थांबवला नव्हता. अनुभवी सर्जननी ठरवून दिलेली पातळी गाठेपर्यंत तो चालला. मी तास उचलले, पातळी सोडून दिली.

तर आकडे घ्या. सर्जननाही आधी दोन-तीनदा हात साफ करू द्या, त्यांच्यासाठीही मशीन नवीनच असतं. प्रत्येक टास्कचे आकडे वेगळे हवेत: चुका, दोन्ही हात एकूण किती अंतर हलले आणि सगळ्यात शेवटी वेळ. नुसती वेळ पडद्यावर दिसली की मुलं शर्यत लावतात. ती पातळी लागोपाठ दोनदा गाठली, तरच पुढचा टास्क. सॉफ्टवेअर अपडेट झालं तर सर्जनचे आकडे पुन्हा घ्या, गुण मोजायची पद्धत बदललेली असू शकते.

उपकरणांच्या मुठी कोपराच्या उंचीवर येतील असं टेबल लावा, नाहीतर खांदे उचलून काम करायची सवय लागते. उपकरणांतून हाताला जाणवणारी ओढ रोज तपासा. ती खोटी असेल तर ऊती ओढायची चुकीची ताकद शिकली जाते.

सत्रं तासाभराची, आठवड्यांत विखुरलेली. नाइट ड्युटीनंतर नको. चुकांवर लगेच बोला. दोन महिन्यांनी फेरचाचणी. आकड्यांचा बॅकअप.

आणि सर्जनच्या तारखा मिळाल्या नसतील, तर बॅच पुढे ढकला.