संकटात विश्वास कसा टिकवायचा आणि वाढवायचा: तरुण ख्रिस्ती पोरापोरींसाठी

चर्चच्या तरुण संघात कुणाच्या घरी काही वाईट झालं की आपण लगेच एक वाक्य फेकतो, बघ प्रभू तुला यातून अजून मजबूत करणार. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण संकटाने माणूस आपोआप मजबूत वगैरे होत नाही. एकाच घरावर तेच दुःख येतं आणि एक भाऊ प्रार्थनेला बसायला लागतो तर दुसरा देवळाची पायरी चढायचं सोडतो, हे कुठल्याही मंडळीत बघायला मिळतं. फरक पडतो तो त्या दिवसांत आपण काय करतो, कुणाला जवळ येऊ देतो आणि देवाशी किती खरं बोलतो याने. प्रेषित पौलाने बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायात संकट, मग धीर, मग शील (म्हणजे घडलेला, पक्का स्वभाव), मग आशा असा क्रम लावलाय, आणि आपण मात्र पहिल्या पायरीवरून डायरेक्ट शेवटच्या पायरीवर उडी मारायला बघतो. मधल्या दोन पायऱ्यांचं काय करायचं तेच इथे लिहितेय.

आधी बघा, हे सोसायचं आहे का

हे सगळ्यात आधी कारण आपल्याकडे यात फार घोळ होतो. प्रत्येक त्रास म्हणजे "माझा वधस्तंभ" नसतो. घरात कुणी मारतंय, चर्चमधलाच कुणी मोठा माणूस नको तिथे हात लावतोय, कंपनीने तीन-तीन महिने पगार अडवलाय, लोन ॲपवाले फोटो पाठवायची धमकी देतायत, या गोष्टी शांतपणे सोसून शील बिल काही तयार होत नाही. पौलाला दिमिष्क शहरात मारायचा कट झाला तेव्हा तो "प्रभूची इच्छा" म्हणत बसून नाही राहिला, रात्री टोपलीत बसून गावाच्या भिंतीवरून खाली उतरला आणि निघून गेला. यरुशलेमेत त्याला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने सरळ विचारलं की रोमी नागरिकाला चौकशीशिवाय मारायची तुम्हाला परवानगी आहे का. म्हणजे कायद्याचा आधार घेणं हा अविश्वास नाही. पोलीस कंप्लेंट करा, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा, तिथून बाहेर पडा.

दुसरं, जीव नकोसा वाटत असेल, झोप उडाली असेल, दिवसच्या दिवस अंथरुणातून उठावंसं वाटत नसेल तर टेली मानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. प्रार्थनाही करा आणि डॉक्टरकडेही जा. बीपीची गोळी घेताना कुणी तुमच्या विश्वासावर शंका घेत नाही, मग मनाची गोळी घेतानाच का घ्यावी.

जे उरतं ते म्हणजे ज्यातून पळता येत नाही असं. आईचं आजारपण, वडील जाणं, नोकरी सुटणं, लग्न मोडणं, परीक्षेत परत परत आपटणं. पुढचं सगळं त्यासाठी.

पहिले काही दिवस मोठं काही करू नका

संकट आलं की काही जण लगेच तीन दिवसांचा उपवास धरतात, रात्रभर प्रार्थना, नवस केल्यासारखं देवाला वचन देणं, मी आता सेवेतच जाईन वगैरे. थांबा. राजे 1 च्या 19 व्या अध्यायात एलीया जीव वाचवायला रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा बस झालं आता, माझा जीव घे. आता एवढा मोठा संदेष्टा असं बोलतोय म्हटल्यावर देवदूताने येऊन लेक्चर द्यायला हवं होतं ना. तसं काहीच होत नाही. एलीया झोपतो, दूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो खातो, परत झोपतो, दूत परत उठवून खायला घालतो. होरेब डोंगराचा प्रवास, देवाचा तो मंद आवाज, सगळं त्यानंतर. म्हणून पहिल्या आठवड्यात दोन वेळ जेवण, जमेल तेवढी झोप, अंघोळ, आणि कुठलाही मोठा निर्णय नाही, एवढंच लक्ष्य ठेवा.

बायबल वाचायला जीव होत नसेल तर रोज एकच स्तोत्र. अगदीच नाही जमलं तर 117 वं घ्या, दोनच वचनांचं आहे :)

देवापुढे रडगाणं गायला शिका

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट ही, आणि हीच आपल्याला कुणी शिकवत नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं की प्रार्थनेची सुरुवात उपकारस्तुतीने करायची, चेहरा हसरा ठेवायचा, तक्रार करायची नाही. पण स्तोत्रसंहितेत जवळजवळ तिसरा हिस्सा तक्रारच आहे. 13 वं स्तोत्र सहा वचनांचं, त्यात पहिल्या दोनच वचनांत "कोठवर" हा प्रश्न चारदा येतो. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. येशूने वधस्तंभावर 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, ती पण तक्रारच.

करायचं कसं, तर एक वही घ्या (मोबाईलवर नको, मध्ये नोटिफिकेशन येतं आणि आपण इन्स्टावर जातो) आणि स्तोत्रांचाच ढाचा वापरा. आधी देवाला हाक, मग जे झालं ते जसंच्या तसं, मग या आठवड्यापुरती एक मागणी, आणि शेवटी जेवढा भरवसा आज खरंच आहे तेवढाच, एक इंचही जास्त नाही. उदाहरणार्थ सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससी करणारा एखादा पोरगा असं लिहील:

"बापा, ऐकतोयस ना. परत मेन्सला अडकलो. रूममधल्या दोघांची पोस्ट निघाली, त्यांचे पेढे खाल्ले, अभिनंदन म्हटलं आणि मग बाथरूमचा नळ सोडून रडलो. पप्पा विचारतात रिझल्ट कधी आहे आणि मी सांगतो लांबलाय. मंडळीतले काका भेटले की साहेब म्हणून हाक मारतात, नको वाटतं आता गावी जायला. तू कुठे आहेस? या रविवारच्या आत पप्पांना खरं सांगायची हिंमत दे, बाकी काही मागत नाही. आजवर उपाशी झोपवलं नाहीस एवढं मला माहीत आहे. आमेन."

यात कुठेही मोठे शब्द नाहीत. मागणी इतकी छोटी आहे की रविवारी कळेल, मिळालं की नाही. वहीत तारीख टाका, दोन-तीन महिन्यांनी मागे जाऊन वाचा, धीर म्हणजे काय ते तिथे दिसायला लागतं, एकाच दिवशी नाही दिसत.

आणि हो, फिलिप्पैकरांस पत्रातलं ते "मला सर्व काही करता येतं" वचन परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टेटसला ठेवायच्या आधी त्याच्या वरची दोन वचनं वाचा. पौल तुरुंगातून लिहितोय आणि म्हणतोय की पोटभर असताना आणि उपाशी असताना दोन्हीकडे कसं राहायचं ते मी शिकलोय. पास होण्याची गॅरंटी तिथे नाही.

रमाबाईंकडे नीट बघा

आपण नगर-पुण्याकडची माणसं (नगरचं आता अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं) पंडिता रमाबाईंनी उभ्या केलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला सहल नेतो, फोटो काढतो, आणि रमाबाई म्हणजे भिंतीवरचा एक फोटो होऊन जातात. त्यांची तरुणपणाची वर्षं मात्र कुणी वाचत नाही. 1858 चा जन्म. 1874 साली दुष्काळात आईवडील दोघंही गेले, तेव्हा रमा सोळा वर्षांची. मग थोरली बहीणही गेली. ती आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत, पुराण सांगत, अर्धपोटी 1878 पर्यंत कलकत्त्याला पोचले. 1880 ला भाऊ गेला. लग्न झालं, आणि 1882 ला नवरा पटकीने गेला, पदरी तान्ही मनोरमा. वय चोविसाच्या आतच. बाप्तिस्मा त्यानंतर, 1883 ला इंग्लंडमध्ये.

यात मला दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे बाप्तिस्म्यानंतरही बाई प्रश्न विचारायच्या थांबल्या नाहीत, ज्या सिस्टर लोकांकडे राहिल्या त्यांच्याशीच सिद्धांतांवरून पत्रांतून चांगला वाद घातला, आणि आतून शांती मिळाली ती कितीतरी वर्षांनी. त्यामुळे तुम्हाला विशीत प्रश्न पडतायत म्हणजे तुमचा विश्वास गेला असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. दुसरी म्हणजे 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या, त्यातूनच केडगावचं काम मोठं झालं. दुष्काळात पोरीबाळींचं काय होतं हे त्यांना कुणी रिपोर्ट वाचून सांगायची गरज नव्हती, ते त्यांनी अंगावर काढलेलं होतं. पण 1874 साली त्या सोळा वर्षांच्या मुलीला कुणी "देव तुला पुढे वापरणार आहे" असं सांगितलं असतं तर ते किती निर्दय वाटलं असतं याचाही विचार करा. अर्थ मागाहून लागला, आणि आईवडील काही परत आले नाहीत. 1921 ला मनोरमा पण गेली, बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी तरी सोडलं नाही, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या.

कुणाला सांगायचं, किती सांगायचं

एकट्याने ओढू नका, पण अख्ख्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका. आपल्याकडे प्रार्थनेचा विषय आणि गॉसिप यांच्यात फार पातळ भिंत आहे, बुधवारच्या घरसभेत "विशेष करून अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करू या" म्हटलं की गुरुवारी तिसऱ्या गल्लीत कळलेलं असतं. तेव्हा एक किंवा दोनच माणसं निवडा, त्यातलं एक तुमच्यापेक्षा वयाने मोठं आणि स्वतः काहीतरी भोगलेलं. आणि स्पष्ट बोला, "मावशी, हे फक्त तुमच्यापाशी, पाळकसाहेबांना मी स्वतः सांगेन." राग नाही येत कुणाला, उलट बरं वाटतं.

आता जे सल्ले मिळतील त्यांचं काय करायचं. कुणी म्हणेल, घरात काहीतरी पाप असेल. योहानाच्या 9 व्या अध्यायात शिष्यांनी आंधळ्या माणसाबद्दल हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, आणि येशू म्हणाला दोघांचंही नाही. एवढं आठवायचं आणि चहा घेऊन उठायचं, वाद नको. कुणी टीव्हीवरचा किंवा यूट्यूबवरचा प्रचारक "विश्वासाने अर्पण पाठवा, चमत्कार होईल" म्हणत क्यूआर कोड दाखवत असेल तर ते चॅनेल ब्लॉक करा, अडचणीतल्या माणसाच्या खिशात हात घालणाऱ्याशी नम्रपणे वागायची गरज नाही.

आपलं चालू असतानाच दुसऱ्याचं छोटं काहीतरी करा

योसेफ सतराव्या वर्षी विकला गेला आणि तिसाव्या वर्षी फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला. मधल्या तेरा वर्षांवर प्रवचनं खूप होतात, पण उत्पत्ती 40 मधली एक साधी गोष्ट सुटून जाते. तो स्वतः विनाकारण तुरुंगात, आणि एका सकाळी बरोबरच्या दोन कैद्यांना विचारतो, आज तुमचे चेहरे का उतरलेत? बस एवढंच. स्वतःच्या अन्यायात बुडालेल्या माणसाला दुसऱ्याचा चेहरा दिसला. शील म्हणजे मला वाटतं हेच, आणि ते प्रॅक्टिसने येतं. संडे स्कूलमध्ये एका पोराला वाचायला मदत करा, हॉस्पिटलमध्ये आईजवळ बसला असाल तर शेजारच्या बेडवाल्या आजींचं औषध खालून आणून द्या. थकवणारं काही नको, आठवड्यातून एखादं. ज्याला त्याचंही बळ नाही त्याने आत्ता नाही केलं तरी चालतं.

मित्रावर संकट आलं असेल तर ईयोबाच्या मित्रांचं अर्धंच अनुकरण करा. ते सात दिवस सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तिथपर्यंत उत्तम होतं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. "काही लागलं तर सांग" असा मेसेज टाकू नका, तो काहीच सांगणार नाही. डबा घेऊन जा, लाइट बिल भरायचंय का विचारा, बसून रहा.

शेवटचं साक्षीबद्दल, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगण्याबद्दल. संकट जरा हललं की मंडळीत लगेच साक्ष द्यायला उभं करतात, आणि मग पोरगं दबावाखाली असं काही गोड सांगून बसतं जे त्याला अजून वाटतच नाहीये. घरी गेल्यावर स्वतःचीच लाज वाटते. जखम ओली असताना माईक हातात घेऊ नका. नाताळच्या कार्यक्रमात बोलशील का असं कुणी विचारलं तर सरळ म्हणा, "पाळकसाहेब, पुढच्या नाताळला विचारा, तोवर प्रार्थना करा."