बगदादचं नस्ब अल-हुर्रिया: हे शिल्प वाचायचं कसं

इराकी शिल्पकार जवाद सलीमच्या या कामाचा (नावाचा अर्थ स्वातंत्र्याचं स्मारक) फोटो समोर आला की आपण सवयीने डावीकडून बघायला लागतो आणि तिथेच गंडतो, कारण मग आधी कामगार दिसतो आणि शेवटी बिथरलेला घोडा, सगळी गोष्ट उलटीच! मी पण तेच केलं होतं. हे अरबी ओळीसारखं उजवीकडून वाचायचं.

आधी पूर्ण लांबीचा फोटो शोधा, क्लोजअप नंतर. बगदादच्या तहरीर चौकात 50 मीटर लांब दगडी पट्टी आणि तिच्यावर ब्राँझचे 14 शिल्पगट. पट्टी आर्किटेक्ट रिफअत चादिरजीची, मोर्चातल्या बॅनरसारखी. 1958 मध्ये इराकची राजेशाही उलथवणाऱ्या क्रांतीनंतरचं काम आहे हे.

आता उजव्या टोकाला घोडा, मग निदर्शक, लहान मूल, मेलेल्या मुलाला कवटाळलेली आई, कैदी. इथे घाई करू नका, रडणाऱ्या बायकांच्या पाठी कशा वाकल्यात ते बघा, चेहऱ्यांपेक्षा पाठीच जास्त बोलतात. मधोमध सैनिक तुरुंगाचे गज तोडतोय. त्याच्या डावीकडे सगळं एकदम निवांत होतं, दजला आणि फुरात (टायग्रिस आणि युफ्रेटिस) या दोन नद्या बायका होऊन उभ्या, शेतकरी, बैल, कामगार.

मग दुसऱ्या टॅबमध्ये प्राचीन इराकमधली असिरियन भिंतशिल्पं उघडा आणि शेजारी ठेवा. जवादने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बगदादच्या पुरातत्त्व खात्यात काम केलेलं, नंतर लंडनला शिकला, 1951 मध्ये मॉडर्न आर्टचा ग्रुप काढला, आणि जुनं-नवं दोन्ही इथे एकत्र दिसतं. बैल जुन्या सुमेरचा, पण मोडलेले, ताणलेले आकार पिकासोच्या काळातले. इराकी म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न तो असा हाताने सोडवत होता म्हणा ना.

आणि हो, एक गोष्ट मुद्दाम शोधा, जी सापडणार नाही: काम दिलं होतं त्याच क्रांतीतून सत्तेवर आलेल्या अब्दुल करीम कासिमच्या सरकारने, पण त्याचा चेहरा कुठेच नाही. सैनिक आहे, पण बिननावाचा. मला यातली सगळ्यात धीट गोष्ट हीच वाटते.

जवाद जानेवारी 1961 मध्ये हार्ट अटॅकने गेला, अनावरण झालं जुलैत.

शेवटी 2019 च्या सरकारविरोधी आंदोलनाचे फोटो काढा, याच चौकातले. खाली खरे निदर्शक, वर ब्राँझचे. तेही उजवीकडूनच बघा.