कपुट: शब्द आला कुठून आणि वापरायचा कसा

फोन पाण्यात पडला आणि परत चालूच होईना, की कोणीतरी लिहितंच, 'फोन कपुट!' शब्द जर्मन आहे एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, पण तो 'बिघडलं'च्या जागी सरसकट टाकला की चुकतो, कारण इंग्रजीतला कपुट आणि जर्मनमधला कपुट यांचा वापर वेगळा आहे.

आधी उच्चार. जोर 'पु'वर द्यायचा आणि उकार ऱ्हस्वच ठेवायचा, 'कपूट' असं ताणायचं नाही. रोमन लिपीत लिहिताना जर्मनमध्ये शेवटी दोन टी, इंग्रजीत सहसा एकच.

आता मूळ, कारण ते कळलं की अर्थ आपोआप लक्षात राहतो. शब्द जर्मनमध्ये आला फ्रेंचमधून, तोही पत्त्यांच्या डावातून. पिके नावाचा दोघांत खेळायचा जुना फ्रेंच खेळ आहे, ३२ पत्ते, प्रत्येकाला १२, उरलेले ८ मधे. एकाने सगळेच्या सगळे १२ हात केले आणि समोरच्याला एकही हात मिळाला नाही, की समोरचा 'कापो' झाला, आणि जिंकणाऱ्याला त्याचे वर ४० पॉइंट. म्हणजे कापो म्हणजे साधं हरणं नाही, हाती भोपळा येणं! १७व्या शतकात, तीस वर्षांच्या युद्धाच्या (१६१८ ते १६४८) आसपास हा शब्द जर्मन बोलीत शिरला आणि डावात धुव्वा उडवण्यावरून खरोखरच्या माणसांना ठार करण्यापर्यंत पोचला, मग हळूहळू मवाळ होत होत 'मोडलेलं, बिघडलेलं' झाला. लॅटिनमध्ये डोक्याला 'कापुट' म्हणतात म्हणून शब्द थेट तिथून आला असंही कोणी कोणी ठोकून देतं, त्यात पडू नका, जर्मनमध्ये तो आला फ्रेंचच्याच वाटेने.

इंग्रजीत तो १९व्या शतकाच्या शेवटी दिसायला लागतो आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात जास्त पसरला. तिथे त्याला थोडा गमतीचा आणि बराचसा कायमचा सूर आहे, म्हणजे इंजिन कपुट झालं तर ते संपलं, प्लॅन कपुट झाला तर तो बारगळला. सेटिंग बदलून किंवा रीस्टार्ट मारून जी गोष्ट चालू होणारे तिला कपुट म्हणणं म्हणजे उगाच रडारड. आणि इंग्रजीत तो शक्यतो क्रियापदाच्या मागे येतो, 'लॅपटॉप कपुट झाला' या पद्धतीने, 'कपुट लॅपटॉप' कानाला खटकतं.

जर्मनमध्ये मात्र हा रोजचा साधा शब्द आहे. नामाआधी बिनधास्त लावा, दुरुस्त होणारी वस्तू असली तरी चालतो, मोडलेल्या लग्नालाही लावतात. आणि 'इश बिन कपुट' म्हणजे 'मी मेलो' नाही, 'मी पार दमलोय', दिवसभर काम करून आलेला माणूस हे अगदी सहज म्हणतो, घाबरायचं कारण नाही. 'कपुटलाखेन' म्हणजे हसून हसून लोळणं, 'कपुटश्पारेन' म्हणजे एखादी गोष्ट कुजेल इतकी त्यावरच्या खर्चात काटछाट करणं (हा माझा आवडता, सरकारी बजेटवर बोलताना हमखास निघतो). 'वास इस्ट डेन येट्स्ट कपुट?' असं कोणी विचारलं तर ते बिघडलेली वस्तू शोधत नाहीयेत, 'आता काय झालं बाबा?' एवढंच विचारतायत.

दूध नासलं तर मात्र कपुट नाही, तिथे 'श्लेश्ट' म्हणतात.

रशियनमध्ये हाच शब्द 'कापुत' म्हणून गेला आणि तिथे 'खलास, शेवट' असा अर्थ झाला. दुसऱ्या महायुद्धातलं 'हिटलर कापुत' तर प्रसिद्धच आहे, शरण येणारे जर्मन सैनिकही रशियनांपुढे हेच म्हणायचे. तेव्हा जर्मन लोकांशी नुकतीच ओळख झाली असेल तर ही लाइन जोक म्हणून मारू नका.

कंपनीला तक्रार लिहिताना जर्मनमध्ये 'डेफेक्ट' लिहा, कपुट मित्रांसाठी ठेवा. मशीनवर चिकटवायच्या पाटीवरही कपुट नसतं, 'आउसर बेट्रीब' असतं, म्हणजे सध्या बंद.