रायफलची नळी किती लांब घ्यावी? या चुका टाळा

नळी जितकी लांब तितका नेम अचूक, हा समज रेंजवर नव्याने येणाऱ्यांच्या मनात घट्ट बसलेला असतो. लांबीमुळे मिळतात त्या दोनच गोष्टी. दारू जळत असेपर्यंत गोळीचा वेग वाढतो, आणि दुर्बीण नसेल तर पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर वाढतं. त्याबदल्यात नळीचा ताठपणा कमी होतो, तोल पुढे सरकतो आणि गोळी नळीत जास्त वेळ राहते. तेवढ्या वेळात खांदा हलला तर ती चूक थेट टार्गेटवर उमटते. म्हणून आधी काडतूस, अंतर, साइट आणि पोझिशन ठरवा, मग लांबी.

वेगासाठी लांब ०.२२ घेणं

वरळीच्या रेंजवर ५० मीटरचा सराव करायचा म्हणून वेगाच्या आशेने २६ इंची नळी घेऊ नका. ०.२२ लाँग रायफलच्या काडतुसात दारू अगदी थोडी असते. साधारण १६ ते १९ इंचांत तिचा जोर संपतो आणि पुढे फक्त घर्षण उरतं, त्यामुळे लांब नळीतून वेग थोडा कमीही होतो. मॅचच्या काडतुसाचा वेग मुद्दामच सेकंदाला ३२०-३३० मीटर ठेवलेला असतो. ३० अंश तापमानात ध्वनीचा वेग सुमारे ३४९ मीटर असतो. जास्त वेगाची काडतुसं ध्वनीच्या वर निघतात आणि वाटेत खाली येताना डगमगतात. ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, उघडतो तो बहुतेकदा इथे.

मग मॅच रायफली लांब का दिसतात? साइटसाठी. पुढची साइट ०.१ मिमी सरकली आणि दोन्ही साइटमध्ये ७५० मिमी अंतर असलं, तर ५० मीटरवर गोळी ६.७ मिमी भरकटते. अंतर ९०० मिमी केलं तर तीच चूक ५.६ मिमीवर येते. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असल्यामुळे हा फरक खरोखर जाणवतो. पण त्यासाठी नळी लांब लागत नाही. आखूड, ताठ नळीवर पोकळ एक्स्टेंशन ट्यूब बसवली की काम होतं.

ट्यूब बसवल्यावर दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली म्हणजे रिंग, पुढच्या साइटमधलं ज्यातून टार्गेट बघतात ते कडं. पुढची साइट लांब गेली की रिंग लहान दिसते आणि टार्गेटभोवतीची पांढरी कड नाहीशी होते. ७५० मिमीला ४.० मिमीची रिंग वापरत असाल तर ९०० ला साधारण ४.८ पासून सुरुवात करा. दुसरी म्हणजे एअर रायफलची मर्यादा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार मेकॅनिझमच्या मागच्या टोकापासून ट्यूबच्या टोकापर्यंत ८५० मिमीपेक्षा जास्त चालत नाही. इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर हे कळण्यापेक्षा घरी टेप लावलेली बरी.

एअर रायफलसाठी ५.५ किलो ही वजनाची कमाल मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात पुढे जड रायफल दिली की तो पाठ मागे वाकवून तोल सावरतो, आणि ती सवय मोडायला फार जड जाते. शिवाय कंबर दुखते ती वेगळीच. आधी पुढची वजनं काढा, मग पोझिशन बघा.

मोठ्या काडतुसात प्रत्येक इंचाच्या मागे धावणं

०.३०८ मध्ये दर इंचाला साधारण ६ ते ८ मीटर प्रतिसेकंद वेग मिळतो. २४ ऐवजी २० इंची नळी घेतली तर सुमारे ३० मीटर प्रतिसेकंद गेले. १०० मीटरला झिरो केलेल्या (नेम जुळवलेल्या) रायफलीत ३०० मीटरवर याचा फरक जेमतेम ५ सेंटिमीटर, म्हणजे एका क्लिकला ०.१ मिल (१०० मीटरवर १ सेंटिमीटर) सरकणाऱ्या दुर्बिणीवर सुमारे दोन क्लिक. ८००-९०० मीटरच्या पुढे मात्र हाच वेग महत्त्वाचा ठरतो, कारण गोळी ध्वनीच्या वेगाजवळ येऊ लागते. तिथे २६ इंच योग्य.

पण लांबीबरोबर जाडी वाढवली नाही तर घात होतो. एकाच जाडीची २६ इंची नळी २० इंचीपेक्षा सुमारे सव्वादोन पट लवचीक असते. बारीक आणि लांब नळी चार-पाच गोळ्यांत तापून ग्रुप वर किंवा बाजूला सरकवू शकते.

ग्रुप फुटला की दोष लांबीला देणं

नळी बदलण्याआधी हे तपासा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी आणि लाकडाच्या मधून कागदाची पट्टी सरकवा. फ्री-फ्लोट, म्हणजे लाकडाला न टेकणाऱ्या, नळीत ती अ‍ॅक्शनपर्यंत (बोल्ट बसतो त्या भागापर्यंत) न अडकता गेली पाहिजे. अ‍ॅक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा, अंदाजाने नाही. नळीच्या तोंडाच्या कडेवर कापसाची काडी फिरवा. धागे अडकले तर तिथे चरा आहे. मग वेगवेगळ्या लॉटची (कारखान्यातल्या खेपांची) काडतुसं घेऊन प्रत्येकाचे दहा गोळ्यांचे किमान तीन ग्रुप मारा. ०.२२ मध्ये बऱ्याच तक्रारी लॉट बदलल्यावर मिटतात.

शिकारीची मापं इथे लावणं

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांच्या बाबतीतही वनविभागाच्या परवानगीशिवाय बंदूक उचलता येत नाही. परदेशातल्या सल्ल्यात २०-२२ इंच असतात ते दाट झाडीत वावरण्यासाठी, २४ मोकळ्या माळासाठी आणि २६ मॅग्नम काडतुसातली सावकाश जळणारी दारू वापरून घेण्यासाठी. तिथे आवाज कमी करणारा सप्रेसर लावला की आणखी ६-८ इंच वाढतात, म्हणून मूळ नळी आखूड घेतात. ती कारणं रेंजवर नसतात, त्यामुळे ते आकडेही लागू होत नाहीत.

माप चुकीचं घेणं, आणि नळी कापणं

जुनी रायफल घेताना विक्रेता सांगतो ती लांबी बऱ्याचदा ट्यूब किंवा तोंडावरचा, धक्का कमी करणारा ब्रेक धरून असते. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करा, तोंडातून सरळ काठी बोल्टला टेकेपर्यंत घाला, नळीच्या टोकाशी खूण करा आणि काठी मोजा. तेच खरं माप.

लांब वाटली म्हणून नळी कापून घेण्याचा विचारही करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार बंदुकीची नळी आखूड करायला स्वतंत्र परवाना लागतो.

लांब नळीला सफाईची दांडीही लांब हवी. २६ इंचीसाठी किमान ३६ इंची, आवरण असलेली, आणि सोबत दांडी नळीच्या मधोमध ठेवणारा बोअर गाइड. आखूड दांडी तोंडाकडून घातली की कड झिजते. पावसाळ्यात मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवू नका; फोम ओल धरतो. तेलाचा हलका हात फिरवून ती सिलिका जेलसह कपाटात ठेवा. नेमबाजीआधी कापडाचा कोरडा पॅच नळीतून ओढून तेल काढा आणि पहिल्या पाच गोळ्या ग्रुपमध्ये मोजू नका.