कूलरवाल्याचा सल्ला: फोन-कॉम्प्युटरवर पैसे कमी उडवा, गिऱ्हाईक तरी येते

माझं मानेवाड्याकडे कूलर-गीझर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक पोरगा आणि मी. नागपुरात पारा ४५ ला टेकला की लोक फोन करकरून जीव खातात आणि ऑगस्टमधे कुत्रं विचारत नाही. म्हणून जो पैसा सीझनमधे येतो तो कुठं लावायचा अन कुठं नाही लावायचा, हे मी ठेचा खाऊन शिकलो.

सगळ्यात मोठी ठेच वेबसाइटची. एक जण आला, म्हणाला १८ हजारात करून देतो, मी दिले. साइट छान होती बरं, वर निळा पंखा फिरायचा वगैरे, पण डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं आणि मला ते कळलं कधी तर वर्षभरानं, जेव्हा रिन्यू करायचे दुप्पट मागितले तेव्हा. मी नाही म्हटलं, साइट बंद. गाडीवर तो पत्ता रंगवला होता, तो अजून तसाच आहे. तर साइट करायचीच असेल तर डोमेन स्वतः घ्या, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाईल नंबरवर, बनवणाऱ्याला फक्त बनवायचे पैसे द्या. पण खरं सांगू का, आपल्यासारख्या एका शटरवाल्याला साइट लागतच नाही.

लागते ती गूगल बिझनेस प्रोफाइल, मॅपवर दुकान दिसते ना, ते. फुकट आहे. "व्हेरिफिकेशन फी भरा नाहीतर दुकान मॅपवरून काढू" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या, गूगल त्याचे पैसे घेत नाही. व्हेरिफिकेशनला बरेचदा व्हिडिओ मागतात, त्यात बोर्ड, गल्ली, आत ठेवलेला माल असं सगळं दाखवायचं. घरूनच काम करता आणि घराचा पत्ता द्यायचा नाही? मग पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात जाता ते टाकता येते. वेळ नीट भरा हो. दिवाळीत बंद असाल तर बंद दाखवा, नाहीतर माणूस उन्हातान्हात येऊन परत जातो आणि घरी जाऊन एक स्टार देतो.

रिव्ह्यूचं म्हणाल तर विकत घेऊ नका, "बेस्ट सर्विस नाइस पर्सन" असे पन्नास एका दिवशी आलेले कोणालाही कळतात. मागायची वेळ साधा. मी ताटी, म्हणजे कूलरचं खसचं पॅड, बदलतो, पंप लावतो, मग कूलर चालू करून पाच मिनिटं तिथंच बसतो. खसचा वास सुटतो, पहिली गार हवा घरातल्या काकूंच्या तोंडावर येते, तेव्हा म्हणतो काकू, दोन ओळी लिहून द्या ना. प्रोफाइलमधे रिव्ह्यू मागायची लिंक मिळते, तिचा क्यूआर छापून पाकिटात ठेवलाय. बिलासोबत नंतर व्हॉट्सॲपवर पाठवली की कोणी लिहीत नाही.

फोटोला कॅमेरा घेऊ नका. क्षारानं पांढरी पडून दगड झालेली जुनी ताटी आणि बाजूला नवीन, असा एक फोटो दाराजवळच्या उजेडात काढा. माझा हाच फोटो सगळ्यात जास्त चालला, डिझाइन करून घेतलेल्या पोस्टरपेक्षाही. आणि टाकायचा कधी, तर फेब्रुवारीच्या शेवटी, लोक माळ्यावरून कूलर खाली काढतात तेव्हा. मे महिन्यात जाहिरात करून काय उपयोग, तेव्हा तर आपल्यालाच जेवायला वेळ नसतो.

व्हॉट्सॲप बिझनेस तर घ्याच. साधं ॲप आहे, फुकट. कॅटलॉगमधे दर लिहून टाका, क्विक रिप्लाय लावा म्हणजे "ताटीचे किती" ला दिवसातून चाळीसदा टाइप करावं लागत नाही, आणि लेबलं लावा, माझं एक लेबल आहे "उधारी". ब्रॉडकास्ट लिस्टमधे, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायच्या यादीत, २५६ लोक बसतात, पण मेसेज फक्त ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच जातो. मला दोन सीझन वाटत होतं लोक वाचून गप्प बसताहेत, पण मेसेज गेलाच नव्हता. म्हणून आता गिऱ्हाइकासमोरच नंबर सेव्ह करून घेतो.

लॅपटॉप नवीन कशाला? बिलं आणि हिशोबच करायचा ना. घरात जुना असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी (जलद चालणारी डिस्क) टाका, रॅम ८ जीबी करा, मशीन पळते. बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारात जुना घ्यायला गेलात तर एक पाहा: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ साठी इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच लागतो. दुकानदार "सर एकदम मक्खन" म्हणेल, तुम्ही जनरेशन विचारा, आणि चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा. ऑफिसचं सॉफ्टवेअर लिब्रेऑफिस फुकट मिळते, चोरीचं टाकून व्हायरस नका आणू. जीएसटी नंबर असेल, कंपोझिशनमधे (छोट्या धंद्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत) नसाल, तर बिलावर नंबर टाकून घ्या, भरलेला जीएसटी क्रेडिटमधे मिळतो, म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा होतो.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, तीही फुकटच आहे, सरकारी साइटवर, पत्ता gov.in नं संपतो का तेवढं बघा, सारख्या दिसणाऱ्या साइटी पैसे घेतात.

आणि माझी सगळ्यात स्वस्त जाहिरात विचाराल तर स्टिकर. कूलरच्या बाजूला, पाणी उडत नाही अशा जागी चिकटवतो: नाव, नंबर आणि पेनानं ताटी बदलल्याची तारीख. पुढल्या वर्षी कूलर माळ्यावरून उतरला की पहिले तोच दिसतो, आणि मानेवाड्यातून विकून कूलर हुडकेश्वरला गेला तरी फोन मलाच येतो.